असोद्याहून अमेरिकेला निघालेला आवाज

खानदेश बघायला म्हणून मुद्दाम कोणी जात नाही. अजिंठ्याला जाणारे जळगावला उतरतात, स्टेशनबाहेर चहा पितात आणि पुढच्या गाडीत बसतात. मीही तिकडे जायची ती लग्नकार्याला, दोन दिवस, की परत. या खेपेला गेले ती भाचीच्या डोहाळजेवणाला. आणि जिचं डोहाळजेवण, ती भाची अमेरिकेत. हसू नका, त्या वेळी आम्हीही हसलो होतो. परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, "काय गं, कशी झाली ट्रिप?" मी "बरी झाली" म्हणते आणि विषय बदलते. एकदाच काय ते लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आधी माझं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एसटीडी आलं, बोर्ड बंद पडले आणि आम्हा बायकांना कुठल्याकुठल्या टेबलांवर नेऊन बसवलं, तिथून मी निवृत्त झाले. पण ऐन उमेदीतली सगळी वर्षं लोकांचं बोलणं कानावर घेण्यात गेली. बारशी, साखरपुडे, बदल्या, सगळं आमच्या हातून जायचं. मरणंही जायची, पण मरण म्हणून कधीच नाही. "दादा सिरियस आहेत, निघून या," एवढंच. आपल्याकडे गेलेल्या माणसाला कोणी फोनवर गेला म्हणत नाही. ऐकणाऱ्याला प्रवासात धक्का नको, म्हणून त्याला घरी येईस्तोवर सिरियसच ठेवायचं. पलीकडचा विचारायचा, "कितपत?" आणि इकडचा उत्तर द्यायच्या आधी जरासा थांबायचा. तो थांबला की सगळं समजायचं. आम्ही बोर्डावरच्या बायका तेवढ्या शांततेवरून ओळखायचो.

माझी धाकटी बहीण वत्सू असोद्याला शाळेत मास्तरीण म्हणून लागली आणि तिथल्याच एका केळीवाल्याशी लग्न करून बसली. आमचे वडील तिच्याशी पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. तो केळीवाला म्हणजे आमचे आबा. माणूस हट्टी, तिरसट, पण मुलीवर जीव ओवाळून टाकणारा. त्यांची एकुलती एक वैशाली. ती लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, दिवस गेले, आणि डॉक्टरने सांगितलं की वार खाली आहे, पलंगावरून हलायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढायचं नाही. आधीचं एक असंच गेलेलं होतं. पहिलटकरणीला माहेरी आणायचं तेही राहिलं. वैशालीने हलायचं नाही, ही एकच गोष्ट त्या घरात सगळे जपून होते.

जावयाने, हेमंतने, तोड काढली. त्याने जळगावच्या एका दुकानातून असोद्याला कंप्युटर पाठवला. इकडे माइकमध्ये बोलायचं, तिकडे तिच्या पलंगाशी ठेवलेल्या कंप्युटरमधून ऐकू येणार. मला पुण्याला फोन करून म्हणाला, "मावशी, तुमचे जुने फोन आता इतिहासजमा. पुढे सगळं नेटवरून." मला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "आधी असोद्यातली लाइट बघ, मग इतिहास लिही." पण वत्सूने बोलावलं होतं. सातव्या महिन्यातली ओटी नेटवरून भरायची, आणि फोनमधलं तुलाच कळतं, म्हणाली. गेले.

जळगाव

स्टेशनवर आबांचे धाकटे भाऊ घ्यायला आले होते. त्यांना सगळं गाव भाऊच म्हणतं आणि वैशाली भाऊकाका. पौषातली थंडी, मोटरसायकलवर मागे बसून माझे दात वाजत होते. भाऊ पुढून केळीच्या भावाचं काहीबाही सांगत होते. दोघा भावांचा आवाज इतका एकसारखा की मी डोळे मिटले असते तर आबाच गाडी चालवताहेत असं वाटलं असतं. रस्त्याला दोन्हीकडे केळी. आमच्या पुण्याकडे केळीचं झाड म्हणजे नळाजवळ एखादं, सत्यनारायणाच्या खांबापुरतं. इथे नजर पोचेल तिथवर तीच हिरवी पानं आणि त्यातून येणारा ओला वास.

"आबा का नाही आले?" मी विचारलं.

"घरी चला, वैनी सांगतील," भाऊ म्हणाले आणि गाडी जोरात काढली.

असोदा

घरी वत्सूचे डोळे सुजलेले. आदल्या दिवशी नवराबायकोचं चांगलंच वाजलं होतं. झालं असं की पाइपलाइनसाठी गावात खोदकाम चाललेलं, त्यात टेलिफोनची केबल तुटली. टेलिफोनवाले म्हणतात पाइपवाल्यांनी तोडली, पाइपवाले म्हणतात ती आधीच तुटलेली होती. मी खात्यात जन्म काढला, मला दोघांचंही खरं वाटलं. कसंही असो, गावातले फोन मुके होते. कंप्युटर देवघराशेजारी विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला, वर कुंकवाचं बोट. फोनच्या तारेशिवाय त्याचा उपयोग पाटावरवंट्याइतकाही नव्हता. म्हणून वत्सूने ठरवलं की सगळ्या बायकांनी जळगावला त्या कंप्युटरच्या दुकानात जायचं आणि तिथून ओटी भरायची.

यावर आबा भडकले. वत्सूने मला त्यांच्याच सुरात ऐकवलं, "पोरीची ओटी दुकानात भरता? काचेच्या खोक्याले नारळ देता? मले त्या खोक्याशी बोलाचं नही." तिने उलट सुनावलं. मग आबांनी पिशवीत धोतर कोंबलं आणि नरडाण्याला बहिणीकडे निघून गेले. वत्सूला राग होता, त्याहून जास्त वाईट वाटत होतं. आणि ही भांडाभांडी वैशालीच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. अवघडलेल्या पोरीला माहेरच्या भांडणाचा त्रास नको.

दुपारी भरीत केलं होतं. असोद्याची वांगी पांढरट हिरवी, हातभर लांब, कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचतात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. पुण्याला आम्ही गॅसवर काळं करतो ते भरीत नव्हेच, हे मी त्या दिवशी कबूल केलं. शेतात केळीच्या पानावर बसून बायका जेवल्या, वैशालीच्या लहानपणच्या खोड्या आठवून हसल्या. एक पान आबांचं म्हणून वाढून ठेवलं होतं, ते शेवटी गड्याने खाल्लं. एवढं चांगलं जेवण त्यानंतर त्या प्रवासात पुन्हा घशाखाली उतरलं नाही.

संध्याकाळी टेम्पोत बसून आम्ही जळगावला. दुकानाचा मालक योगेश, चष्मेवाला, गरीब स्वभावाचा तरुण. एवढ्या नऊवारी-पाचवारी एकदम आलेल्या बघून त्याने खुर्च्या उचलून सतरंजी घातली. पडद्याच्या खोक्यावर वैशालीचा फोटो टेकवला, त्याला हिरव्या बांगड्या अडकवल्या, पुढे खण-नारळ, पाच फळं. योगेशने कीबोर्ड तेवढा उचलून घेतला, तांदूळ आत गेले तर बिघडेल म्हणाला. मग त्याने फोन लावला. जळगावात अजून नेट नाही, दुसऱ्या शहराला एसटीडी लावून तिथून नेटमध्ये शिरायचं. यंत्राने मांजराच्या भांडणासारखा आवाज केला आणि थोड्या वेळाने आतून कोणीतरी बोललं. डब्यात तोंड घालून बोलावं तसं. "आई?"

बायकांनी गाणं म्हटलं. आवाज पोचायला वेळ लागत होता. आपण बोलायचं, मग गप्प बसायचं, मग तिकडून येणार. आणि दोघं एकदम बोलली तर एकाचंही पोचत नव्हतं. योगेशने सांगितलं होतं, पण बायका कुठल्या थांबताहेत. तरी गाणं संपल्यावर वैशाली रडत हसली, ते ऐकू आलं. मग तिने विचारलं, "आबा कुठे आहेत? त्यांना द्या ना."

वत्सू चपापली. आधी यंत्राचा उशीर, त्यात तिचा स्वतःचा उशीर. म्हणाली, "ते नरडाण्याला गेलेत. अक्काकडे."

पुन्हा ती शांतता. मी वत्सूला कोपराने ढोसलं. कारण या खोलीत मला एकटीला कळत होतं की पलीकडे ही शांतता कशी ऐकू जात असेल.

"माझ्या ओटीच्या दिवशी?" वैशालीचा आवाज आला. "आई, आबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं," वत्सू म्हणाली, पण तेही उशिरानेच गेलं असणार. आणि मग भांडण आठवून तिला रडू फुटलं. माइक तिच्या तोंडाशीच होता. मी तो ओढून घेतला आणि म्हटलं, "वैशू, आबा एकदम ठणठणीत आहेत, मी मावशी बोलतेय." तिकडून काहीतरी तुटक आलं, "खरं सांगा" एवढंच कळलं, आणि लाइट गेली. सगळा बाजार अंधारात. पलीकडे दीपनगरला रात्रंदिवस धूर ओकणारी चिमणी आहे, अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवते म्हणतात, आणि जळगावच्या बाजारात मेणबत्त्या.

वैशालीचा आजा गेला तेव्हा ती पुण्याला हॉस्टेलवर होती. "आजोबा सिरियस आहेत" असा फोन गेला आणि ती येईपर्यंत तिसऱ्या दिवसाचं आवरत आलेलं. ते ती विसरलेली नाही, हे मला माहीत होतं.

मी वत्सूला घेऊन कोपऱ्यावरच्या बूथवर गेले, तिथे जनरेटर होता. साधा आयएसडी लावायचा, पोरीला समजावायचं आणि मोकळं व्हायचं. नंबर लागला आणि एंगेज. पुन्हा एंगेज. बूथवाला म्हणाला, "कोणाशी बोलत असतील." ती कोणाशी बोलत नव्हती. तिच्या घरी तार एकच, आणि त्या तारेवर ती कंप्युटर लावून आमचा आवाज परत यायची वाट बघत बसली होती. ती जोपर्यंत वाट बघणार, तोपर्यंत आमचा फोन तिला लागणार नव्हता. मी आयुष्यभर एंगेजचा टोन ऐकला, पण त्या संध्याकाळी रिसीव्हर आपटावासा वाटला. हेमंत कामासाठी दुसऱ्या गावी गेला होता, त्याच्या ऑफिसचा नंबर लावला तर यंत्राने उचललं. त्या यंत्राला मी सांगितलं, "हेमंत, आबा जिवंत आहेत. वैशूला सांग. हलू नको म्हणावं." बूथवाला माझ्याकडे बघत राहिला.

सकाळी लाइट आल्यावर योगेशला नेट लागलं, पण आवाज जाईना. त्याने इंग्रजीत टाइप करून कळवलं की आबा नरडाण्याला आहेत, सुखरूप आहेत. उत्तरही पडद्यावर आलं. ते त्याने आम्हाला वाचून दाखवलं, "टाइप कोणीही करेल. मला आबांचा आवाज ऐकवा. आज नाही ऐकवलात तर मी निघते."

मी पर्स उचलली आणि स्टेशनवर गेले.

नरडाणा

जळगावहून सुरतच्या बाजूला जाणारी पॅसेंजर अमळनेर करत करत नरडाण्याला सोडते. पूर्वेकडची केळी मागे पडतात, जमीन उघडी होते, कपाशी आणि बाभळी. भाषाही बदलते. डब्यातल्या बायका माझ्याशी बोलत होत्या आणि निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं. स्टेशनाजवळ सरकारी कारखान्यांचे प्लॉट, त्यांतले बरेचसे नुसतेच कुंपण घातलेले.

अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. लग्न होऊन इकडे आली ती पुरती इकडची झाली. मला बघून म्हणाली, "ये बाई, बठ. जेवाले येळवरच उनी." आबा ओट्यावर उन्हात शेंगा फोडत बसले होते. मी त्यांना असं बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

"आबा, वैशूला वाटतंय तुम्ही गेलात," मी म्हटलं.

"कुठी गेलो? इथंच त हाये."

मग मी सगळं सांगितलं. अक्काने आधी हसून उडवलं, "मना भाऊ समोर बठेल शे, आनि पोर म्हने मरी ग्या?" आबाही गालात हसले. लेकीला आपली एवढी काळजी, याचं त्यांना बरंही वाटलं असावं. पण मी "ती निघते म्हणालीय" असं सांगितल्यावर त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. उठले, टोपी घातली. अक्काने फुणके आणि कढी केली होती, वाफवलेले डाळीचे मुटके, वर तेल. ताटं तशीच राहिली. अक्काने चार फुणके फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकले आणि दारापर्यंत येऊन एवढंच म्हणाली, "पोरले सांग, हालू नको."

स्टेशनजवळच्या बूथवरून परदेशी फोन लागत नव्हता. धुळ्याची एसटी उभी होती, तिच्यात चढलो. आबा सबंध वाटेत एकदाच बोलले, "मी जाया नको होतं."

धुळे

धुळ्याचे रस्ते सरळ आणि आखलेले, पुण्याच्या पेठांत हरवणाऱ्या माणसाला इथे चुकायलासुद्धा जागा नाही. आधी बूथ. एंगेज. अमेरिकेत अजून पहाट व्हायची होती आणि पोरगी तारेला चिकटूनच बसलेली. मग कंप्युटरचं दुकान शोधलं. नेटवरून परदेशी बोलणं सरकारला मान्य नाही, पण दुकानांतून चालतं. मालक आत पडद्यामागे नेणार एवढ्यात मी शहाणपणा केला. लवकर लाव, मी टेलिफोन खात्यातली आहे, मला सगळं कळतं, असं म्हटलं. झालं. त्याने शटरच खाली ओढायला घेतलं. "इथे असलं काही होत नाही मॅडम." निवृत्त आहे, धाड नाही, भाची अडचणीत आहे, हे पटवून देण्यात किती वेळ गेला. शेवटी आबांनी त्याच्यासमोर हात जोडले. आबांना कोणापुढे हात जोडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

नेट लागलं. वैशाली तिथेच होती. "कोण?" आवाज थकलेला, बारीक.

मी आबांच्या हातात माइक दिला आणि म्हटलं, "बोला. तुमचं बोलून झालं की थांबा." आबा खुर्चीत ताठ बसले, टोपी सारखी केली. घसा साफ केला. समोर धुळ्याचा शिकलेला दुकानदार, पलीकडे अमेरिका. आबा शाळेच्या बक्षीस समारंभात बोलतात तसं बोलायला लागले.

"नमस्कार वैशाली. मी तुझे वडील बोलतो आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. तू अजिबात चिंता करू नकोस."

आबा घरात मास्तरणीशी तीस वर्षं संसार करूनही असोद्याचंच बोलत आले. लेकीशी तर "वैशे, जेवली का वं?" याखेरीज दुसऱ्या सुरात कधी बोललेच नव्हते. मी हळूच म्हटलं, "आबा, घरच्यासारखं बोला." तेही माइकने उचललं असणार. कोणीतरी मागून शिकवतंय असंच तिला वाटलं असेल. त्यात यंत्राने त्यांच्या आवाजातला खर्ज खाऊन टाकला होता, उरला होता तो नुसता पुरुषाचा आवाज.

शांतता. तेवढीच, नेहमीची. मग वैशाली बोलली, अगदी हळू.

"भाऊकाका, तुम्ही आहात ना? आबा माझ्याशी असं बोलत नाहीत. मला निदान खरं तरी सांगायचं होतंत."

आबा त्या खोक्याकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी माइक तोंडाशी धरला आणि ओरडले, "अवं मीच हाये पोरी, आबा! मीच हाये!" पण पडद्यावरची खूण केव्हाच विझली होती. तार तुटली की तिने तोडली, कोण जाणे. दुकानदार पुन्हा पुन्हा लावत होता. आबा माइक सोडायला तयार नव्हते. "ती मले भाऊ म्हने," एवढंच म्हणत होते.

आम्ही धावत बूथवर गेलो. मी नंबर फिरवला. रिंग गेली. कालपासून एंगेज असलेला फोन आता खणखणीत वाजत होता, आणि कोणी उचलत नव्हतं. मी आपोआप तुटेपर्यंत ऐकत राहिले, पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. आबा काचेबाहेर उभे होते.

पिशवीतले फुणके परतीच्या एसटीत हाताला लागले, गार आणि कडक झालेले. आम्ही ते शेजारच्या बाईच्या मुलांना दिले.

पुन्हा जळगाव

हेमंतचा फोन योगेशच्या दुकानात आला, साध्या तारेवरून, शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ. माझा निरोप त्याने ऐकला, पण तोवर वैशालीने विमानतळावरून त्याच्यासाठी आपला निरोप ठेवूनही झाला होता. ती मुंबईहून कोणत्या गाडीने येईल ते त्याने सांगितलं. "मावशी, तिला डॉक्टरकडे न्या आधी," म्हणाला.

सकाळी आम्ही सगळे फलाटावर. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. ते एकटे पुढे उभे राहिले, तिला उतरल्या उतरल्या दिसावेत म्हणून. गाडी आली. दोन अनोळखी बायकांनी धरून वैशालीला उतरवलं. चेहरा पांढराफटक, अंगावर कोणाची तरी शाल, आणि शालीखाली साडी भिजलेली. ती आबांसमोर आली. त्यांच्याकडे बघत राहिली, मग हात उचलून त्यांच्या गालावरच्या खुंटांवर ठेवला.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही आहात."

"हाये वं माय," आबा म्हणाले. ती तिथेच खाली बसली.

दवाखान्यात नेलं. दुपारी मूल झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, वत्सूला बाजूला घेऊन बोलल्या. मुलगी होती. रडलीच नाही. भाऊंनी दुपट्यात गुंडाळून नेली आणि संध्याकाळी हातपाय धुऊन परत आले.

हेमंत अजूनही मला लिहितो की हे सगळं सुधारणार आहे, आवाजातला उशीर जाईल, दहा वर्षांत सगळं जग नेटवरूनच बोलेल. बोलेल बापडं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. उशीर जाईलही. पण मला त्या दिवसापासून वाटतं की निम्मा उशीर यंत्राचा होता आणि निम्मा आमचा, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. तो आम्ही असोद्याहून सोबत घेऊन गेलो होतो, आणि पोरीने तो बरोबर ओळखला.

वैशालीला संध्याकाळी शुद्ध आली. खोलीत आम्ही बायका होतो. अक्का नरडाण्याहून आली होती. वैशालीने ओठ हलवले, "बाळ?"

मी शपथेवर सांगते, आम्ही काही ठरवलं नव्हतं. पण वत्सू थांबली, जराशी, आणि म्हणाली, "काचेच्या पेटीत ठेवलंय गं." अक्का म्हणाली, "जरा सिरियस शे. तू नीज." आणि माझ्याही तोंडात तेच तयार होतं. डॉक्टर बघताहेत, होईल बरं, तू आधी बरी हो.

वैशालीने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं. मग मान दाराकडे वळवली. तिथे आबा उभे होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने येऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेर.

"आबा," तिने विचारलं, "बाळ कुठेय?"

आबा उंबरा ओलांडून आत आले. ते क्षणभरही थांबले नाहीत.

"नही पोरी," ते म्हणाले, "गेली ती. पोरगी होती."

वत्सूने पदर तोंडात कोंबला. आबांनी वैशालीच्या उशाशी बसून तिचा हात धरला आणि पुन्हा सांगितलं, त्यांच्या रोजच्या बोलीत, केळीचं पान फाटल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात. "खोटं नही सांगी राह्यलो तुले. गेली."

"हां आबा," वैशाली म्हणाली. मग ती भिंतीकडे वळली आणि रडायला लागली. या वेळी तिला त्यांचं खरं वाटलं होतं.